माझ्या मापाची सायकल

मुलांनो,

परवा तुमचा निरोप वाचला. तुम्ही दोघं तिकडच्या डोंगरवाटांवर फिरायला सायकली घेताय, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी एकदा हा उद्योग केला होता म्हणून काय बघून घ्यावं ते विचारताय. नातजावयानं प्रश्न एक-दोन-तीन असे नीट मांडले होते, मला आवडलं. त्याखाली नातीनं एक ओळ टाकली होती: ‘त्याची चांगली घेऊ, तो जोरात चालवतो. मला काय, कुठलीही चालेल.’

ती ओळ वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला. फोनवर मला दोन ओळींपलीकडे लिहिता येत नाही, आणि हे दोन ओळींत मावणारं नाही. आजोबा सायकलवरून पडले होते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांमुळे पडले, असं तुमच्या आईबाबांना मीच सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आजवर आम्हा दोघांतच राहिलं. आता तुम्हाला सांगते, सायकली घेण्याआधी.

आजोबा कामातून मोकळे झाले त्याच वर्षी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. गिरणी बंद पडेपर्यंत ते गिरणीत फिटर होते, नंतर चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. दोन्हीकडे लालबागहून एकाच काळ्या सायकलनं गेले. काचबिंदूत नजर कडेनं जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं दिसतंय. “माका समोरचा सगळा दिसता गो,” ते म्हणायचे, “कडेक फक्त कोणी पडदो ओढल्यासारखो वाटता.” दर सहा महिन्यांनी एक तपासणी असे. यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मग कागदावर नजरेचा नकाशा छापून येई. जिथे दिसत नाही तिथे काळं. ते कागद मी क्रमानं फाइलला लावत असे, आणि प्रत्येक नव्या कागदावर काळं थोडं आत सरकलेलं असे.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गेलं ते परत येणार नाही, थेंब चुकवू नका, आणि रस्त्यावर सायकल बंद. बाजूनं आलेली बस तुम्हाला दिसणारच नाही. आजोबांनी त्याच आठवड्यात काळी सायकल देऊन टाकली. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते खुर्ची घेऊन बसू लागले. तक्रार केली नाही. नुसते बोलायचे थांबले. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बाई, रस्ताच नसला तर?”

“म्हणजे?”

“नुसती वाट. मातीची. गाड्या नाहीत, माणूस नाही.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हेल्मेट घालून, हळू, आणि पुढे कोणीतरी पाहिजे, जे वाटेतलं आधी ओरडून सांगेल. किती दिवस जमेल ते मात्र मला विचारू नका.”

पुढे कोणीतरी म्हणजे मीच. लहानपणी गिरगावात आमच्या वाडीच्या चौकात मी तासावर भाड्यानं सायकल घेऊन शिकले होते. पुढे परळच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि सायकलला हात लावला नाही. पण शिकलेलं अंगात राहतं. जागाही होती. कर्जतच्या पुढे वन्संचं, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीचं घर आहे. त्यांच्या अंगणातून एक तांबडी वाट निघते, गुरांच्या माळावरून धरणाच्या भिंतीपर्यंत चढते आणि पलीकडे डोंगराच्या पायथ्याला उतरते. आजोबांना त्या वाटेवर जायचं होतं, नजर आहे तोवर.

मी माझ्या सवयीनं वही केली. दोन रकाने आखले, डावीकडे ‘हे’ आणि उजवीकडे ‘मी’. आजोबांना भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं केलं, दोन पायांमध्ये पुस्तक धरून वर सरकवलं, भिंतीवर पेन्सिलीची खूण केली आणि टेपनं मोजलं. उंची, हाताची लांबी, खांद्याची रुंदी, सगळं घेतलं. पुढे शॉकअप हवा, कारण दगडावरून गेलं की मनगटाला झटका बसतो. टायर रुंद आणि खाचांचे. ब्रेक डिस्कचे आणि दोन बोटांत लागणारे, कारण त्यांना अचानक थांबावं लागणार. वजन कमी. चढासाठी हलका गिअर. आजोबांचा रकाना पानभर झाला. माझ्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला होता, ‘चालेल’.

भायखळ्याला स्टेशनापासून आत एक सायकलीचं दुकान होतं. वडिलांच्या मागे मुलगी चालवायची, तिशीतली, स्वतः डोंगरात सायकल घेऊन जाणारी. आजोबांना तिनं एक सायकल दिली. त्यांनी ती आधी डोळ्यांनी पाहिलीच नाही. फ्रेमच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं, वेल्डिंग चाचपलं, चाक फिरवून कानानं ऐकलं.

“काका, इंजिनिअर का?”

“फिटर,” आजोबा म्हणाले. “इंजिनिअर चुकतो, तेव्हा आमका बोलावतत.”

ती हसली. सायकल त्यांना अगदी मापाची होती. मग ती माझ्याकडे वळली. आजोबांच्या सायकलीसारखीच, पण लहान फ्रेमची सायकल दुकानात नव्हती. मागवली तर दोन महिने लागतील म्हणाली. होती ती एक लोखंडी. फ्रेम माझ्यापेक्षा एक माप मोठी, वजनाला जड, आणि वायरच्या ब्रेकची.

“बसून बघा काकू. टाच टेकते का जमिनीला?”

मी बसले. टाच सोडाच, नुसती बोटं टेकत होती, तीही एका बाजूला कलल्यावर. ब्रेकच्या दांड्यापर्यंत माझी बोटं जेमतेम पोचत होती.

“चालेल मला,” मी म्हटलं.

“काकू, साडी घ्यायला चार दुकानं फिरत असाल ना? आणि सायकल एका मिनिटात?”

“साडीसुद्धा मी पाच मिनिटांत घेते.”

“मग ही पाच मिनिटं तरी घ्या. मोठी आहे ही तुम्हाला. चढावर उतरायची वेळ आली तर वांधे होतील. थांबा ना दोन महिने.”

दोन महिने मला नको होते. माझ्या डोळ्यांसमोर ती फाइल होती. त्यांची तयार असताना माझ्यासाठी त्यांना थांबवायचं, हे मला स्वार्थीपणाचं वाटलं. आमच्या पिढीत बाईनं शेवटची पोळी स्वतःला घ्यायची आणि करपलेली असली तर न बोलता घ्यायची, याला आम्ही चांगुलपणा म्हणत होतो. मीही त्याच हातानं ती सायकल उचलली.

आजोबा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, “तुका बरोबर बसता मां?”

“अगदी बरोबर,” मी म्हटलं.

ते शेजारी होते, समोर नव्हते. माझे लोंबणारे पाय त्यांना दिसले नाहीत. दुकानातल्या त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि बिल करायला घेतलं.

महिनाभर आम्ही भोईवाड्याच्या मैदानात सकाळी सराव केला. पुढे मी, मागे दहा पावलांवर आजोबा. रस्त्यानं चालताना हे कायम चार पावलं पुढे आणि मी मागे, तेव्हा ही सवय मोडायला दोघांनाही वेळ लागला. मी पाठीवर केशरी ओढणी बांधायची. त्यांच्या उरलेल्या नजरेत ती बरोबर मधोमध येई. ‘दगड उजवीकडे’, ‘खड्डा’, ‘फांदी, वाका’ असं मी ओरडायची आणि ते मागून ‘हां’ म्हणायचे. हां आला नाही तर मी थांबायचं, असं ठरलं होतं. मैदानात चालायला येणारे लोक गमतीनं बघत. एक गृहस्थ रोज म्हणायचे, “काय मास्तरीणबाई, आज कितवीचा वर्ग?” सपाट मैदानात माझी सायकल निभावून जात होती. थांबायचं झालं तर मी कट्ट्याला पाय लावून थांबायची.

भायखळ्याच्या मंडईत कर्जतकडून भाजीचे टेम्पो भरून येतात आणि सकाळी रिकामे परततात. त्यातल्या एकात सायकली चढवून आम्ही वन्संकडे गेलो. सायकलींना कोथिंबिरीचा वास लागला होता. वन्सं अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“दादा, घोड्यावर बसायची हौस वरातीतच फेडायची होतीस रे. आणि वहिनी, तूसुद्धा?”

पहिल्या दोन खेपा माळाच्या बाजूनंच फिरलो, कारण तिकडे चढ नाही. आजोबा इतके बोलत होते की मला दगड सांगायला जागा मिळेना. वर्षभर गप्प बसलेला माणूस करवंदीच्या जाळ्यांचा वास, गुरांच्या घंटांचा आवाज, चाकाखालची माती ओली की सुकी, सगळं मागून ओरडून सांगत होता. तिसऱ्या खेपेला म्हणाले, धरणाच्या भिंतीवर जाऊ.

चढ मोठा नव्हता. पण सायकलचं वजन माझ्यानं वर जाईना. वेग कमी झाला की पाय टेकावा लागे, आणि पाय टेकत नसल्यामुळे दर वेळी मी कडेला कलंडत उतरत होते. मी थांबले की मागे आजोबांना थांबावं लागे. चढावर थांबून पुन्हा निघणं त्यांना सगळ्यात अवघड. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मला लाज वाटली. त्यांचा दिवस मी खाते आहे असं वाटलं.

“अहो, तुम्ही व्हा पुढे,” मी म्हटलं. “वाट एकच आहे. मी ढकलत आलेच.”

“तू फुडे नाय, तर कसा?”

“इथे कुणी नाही. सरळ जा. चालेल, म्हणते ना.”

ते गेले. दहा पावलांनी गेले, वीस पावलांनी गेले, वळणावर दिसेनासे झाले. मी चढाच्या मध्यावर सायकलच्या दांड्यावर ओणवी होते. वळणापलीकडे एका शेताचं कवाड होतं आणि त्याचा बांबू डावीकडून वाटेवर हातभर आला होता. मी पुढे असते तर ‘बांबू डावीकडे’ एवढंच म्हणायचं होतं. मला आधी धातूचा आवाज ऐकू आला, मग माणूस पडल्याचा. मी सायकल तशीच टाकली आणि धावले.

आजोबा उजव्या खांद्यावर पडले होते. चेहरा पांढरा झाला होता. मला पाहून म्हणाले, “सायकल बघ आधी. चाक वाकला काय?”

चाक वाकलं नव्हतं. त्यांचं गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं.

त्यानंतरचं तुमच्या आईबाबांनी ऐकलं आहे. वन्संच्या शेजाऱ्याची गाडी, परळचं इस्पितळ, सहा आठवडे गळ्यात हात. सगळ्यांनी फोनवर मला विचारलं आणि सगळ्यांना मी सांगितलं, नजरेमुळे झालं. वन्सं म्हणाल्या, “आंधळ्याला सायकल कशाला हवी?” आणि मी ऐकून घेतलं. तुमच्या बाबानं सायकली विकून टाका असं बजावलं. मी हो म्हटलं. ‘नजरेमुळे झालं’ या एका वाक्यानं मी माझा दोष त्यांच्या डोळ्यांवर ढकलला होता, आणि त्या डोळ्यांनी करण्यासारखं जे एकच उरलं होतं तेही आता थांबणार होतं.

सकाळचे थेंब मी घालते. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, ते तसे पडलेले असताना मी त्यांना सगळं सांगितलं. टाच टेकत नव्हती. ब्रेक पुरत नव्हते. दुकानातली मुलगी नको म्हणत होती. दोन महिने थांबायचं नव्हतं म्हणून मी खोटं बोलले.

पाच मिनिटं होऊन गेली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“वही आण,” ते म्हणाले. “वाच बघूया तुझो रकानो.”

मी वाचला. उंची, चालेल. फ्रेम, चालेल. ब्रेक, चालेल. वजन, चालेल. मला वाटलं, आता हसतील.

“जल्मभर लोकांचे पेपर तपासलंस, आणि आपलो कोरो सोडलंस,” ते म्हणाले. हसले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, “माका दिसाक नाय. आणि तुका ठाऊक होता माका दिसणार नाय.”

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. इतक्या वर्षांत त्यांनी मला इतकं लागेल असं काही म्हटलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी डावा हात पुढे केला, तो माझ्या हातात देऊन म्हणाले, “चांगली सायकल माका कित्याक? माका फुडे तू होयी होतंस.”

हात गळ्यात असतानाच आम्ही पुन्हा भायखळ्याला गेलो. लोखंडी सायकल परत दिली आणि लहान फ्रेमची मागवली. ती आल्यावर त्या मुलीनं मला बसवलं. आजोबांचा या वेळी कुणाच्याही शब्दावर विश्वास नव्हता. ते दुकानाच्या फरशीवर गुडघ्यावर बसले आणि डाव्या हाताचा तळवा माझ्या टाचेखाली घालून पाहिला. टाच टेकली आहे, हे त्यांना हातानं कळलं. मग म्हणाले, ब्रेक दाब. दाबला. दोन बोटांनी? दोन बोटांनी. उतर. पुन्हा चढ. पुन्हा उतर. मुलगी म्हणाली, “काका, लग्नाला मुलगी एवढी पारखून घेतली होती का?”

“तेव्हा तिका काय्येक विचारूक नाय,” आजोबा म्हणाले. “थयच चूक झाली.”

एक तास लागला. माझ्या आयुष्यात मी स्वतःसाठी एखादी वस्तू घ्यायला एवढा वेळ कधी घेतला नव्हता.

पण गेलेले दिवस परत आले नाहीत. हाड सांधून नवी सायकल येईपर्यंत पावसाळा लागला, आणि पावसाळा सरल्यावर जी तपासणी झाली तिच्या कागदावर काळं पुन्हा आत आलं होतं. ते माझ्यामुळे आलं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगितलं. त्याआधीची कोरडी वाट आणि त्याआधीची नजर मात्र माझ्यामुळे वाया गेली. त्यावर कुणी काही सांगू शकत नाही.

आम्हाला दोन हिवाळे मिळाले. वहीत नोंद आहे, एकोणीस खेपा. धरणाच्या भिंतीवर गेलो, पलीकडे उतरलो, पायथ्याच्या ओढ्यापर्यंत गेलो. मी पुढे, ते मागे. मला चढ जमत होता आणि थांबायचं झालं की दोन्ही पाय जमिनीवर असत. बाबाला आम्ही विचारलं नाही. वन्संनी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस माळावर एकदा माझ्या ‘दगड’ला मागून हां आला नाही. मी थांबले, वळून पाहिलं. आजोबा सायकलवरून उतरून वाटेच्या मधोमध उभे होते. मी परत गेले. ते म्हणाले, “आज तुझी ओढणी माका दिसाक नाय.” ओढणी पाठीवरच होती. आम्ही दोन्ही सायकली हातात धरून चालत वन्संच्या घरी आलो. वन्संनी दारातून पाहिलं आणि त्यांनाही कळलं. त्या दिवशी त्या काहीही टोमणा न मारता आत चहा ठेवायला गेल्या.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पुढे शॉकअप असू दे, मागे लागतोच असं नाही, उगाच वजन वाढतं. दोघांची चाकं एकाच मापाची घ्या म्हणजे जादा ट्यूब एकच न्यावी लागते. ब्रेक दोघांचे सारखे. ज्याला चढ जड जातो त्याची सायकल हलकी हवी, आणि वाटेवर पुढे त्यानंच राहायचं. म्हणजे मागचा आपोआप सांभाळून येतो. फ्रेमचं माप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, बसून बघा. नाती, दुकानात आधी तू बस. त्याची नंतर बघा. वेळ लागला तर लागू दे. आणि नातजावई, तिनं ‘चालेल’ म्हटलं तर तिच्या पायाकडे बघ. तुला दिसतं.

आजोबांच्या डाव्या डोळ्यात आता काही नाही. उजव्या डोळ्यात उजेड आणि सावली एवढी नजर अजून आहे. थेंब चुकत नाहीत. त्यांची सायकल बाल्कनीत आहे. महिन्यातून एकदा ते हातानं चाचपत तिच्या चेनला तेल घालतात आणि चाकं फिरवून ऐकतात. माझी सायकल चालू स्थितीत आहे.